‘१००० सीसी’ म्हणून घेतलेले इंजेक्टर ७७०चे निघाले

म्हापशात एका दोन लिटरच्या टर्बो गाडीचा तिसरा पिस्टन कडेने वितळला. कारण शोधता शोधता गाडं इंजेक्टरांपाशी, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या झडपांपाशी येऊन थांबलं. चारांचा संच, १८ हजार रुपये, पैसे यूपीआयने, माल कुरिअरने. जाहिरातीत लिहिलेलं: १००० सीसी (मिनिटाला एवढं इंधन), ई८५ला (८५ टक्के इथेनॉलच्या इंधनाला) चालणारे, चारही जुळवलेले. डब्यात प्रवाहाच्या मापांची फ्लो शीटसुद्धा होती आणि तिच्यावर चारही इंजेक्टरांसमोर १००२. तपासणीच्या बेंचवर ३ बार दाबाला मोजले तेव्हा आकडे आले ७७१, ७६४, ७०२ आणि ७६८. विकणारा मात्र आजही आपण खोटं बोललो असं मानत नाही. त्याच्या उत्तरातच सगळी गोम आहे, म्हणून आधी ते उत्तर.

त्याचं म्हणणं असं, की आकडा ५ बारचा आहे, आणि “पात्रांव, बूस्टात रेलला पाच बार असतातच की!”

रेल म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी, बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब. ऐकायला हे पटतं. इंधनाचा दाब धरणारा रेग्युलेटर बूस्टला जोडलेला असेल तर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) १.८ बार बूस्ट चढल्यावर रेलचा दाब ३वरून ४.८वर जातो, गेजवर तो दिसतोही. पण इंजेक्टरच्या तोंडाशी तेच १.८ बार उलट्या बाजूने रेटत असतात. इंधन बाहेर ढकलतो तो या दोन दाबांमधला फरक, आणि तो ३ बारच राहतो. रेग्युलेटर बसवतात तो त्यासाठीच. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दाब चौपट केला तर प्रवाह दुप्पट. ३ बारला ७७० सीसी देणारा इंजेक्टर ५ बारच्या फरकाला ९९४ देतो. जाहिरातीतले हजार आले ते इथून. तो ५ बारचा फरक खरोखर मिळवायचा तर १.८ बूस्टला रेलमध्ये ६.८ बार धरावे लागतील. तिथे २५५ लिटरवाला नेहमीचा पंप दम टाकतो, कारण त्याचा २५५ हा आकडाही कमी दाबावरचाच असतो. आणि रेग्युलेटर बूस्टला जोडलेलाच नसेल, कंपनीची विनारिटर्न (रेलमधून जादा इंधन टाकीत परत न नेणारी) लाइन तशीच ठेवली असेल, तर हाल आणखी वाईट: १.८ बूस्टला फरक उरतो १.२ बार आणि इंजेक्टर आपल्या क्षमतेच्या ६३ टक्क्यांवर येतो.

पेट्रोलवर ही लबाडी पचून गेली असती. पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ला १, ई८५ला साधारण ९.८ आणि शुद्ध इथेनॉलला ९. टर्बो इंजिनाचा ढोबळ हिशेब धरा: पेट्रोलवर दर बीएचपीमागे मिनिटाला ६ सीसीच्या आसपास, ई८५वर सव्वाआठ, ई१००वर नऊच्या पुढे. चार इंजेक्टर खरेच हजारचे असते तर ८५ टक्के ड्युटीला (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेला) मिनिटाला ३४०० सीसी मिळाले असते, म्हणजे ई८५वर ४१० बीएचपीपर्यंत मजल. हातात आलेल्या संचाची बेरीज ३००५. तिचे ८५ टक्के २५५४. ई८५वर जेमतेम ३१०. हाच संच पेट्रोलवर ४२५च्या घरात जाईल. ‘यावर ४०० काढले’ म्हणून विकणारे डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) जो व्हिडिओ दाखवतात तो म्हणूनच खराही असू शकतो. टाकीत कुठलं इंधन होतं ते विचारा.

८५ टक्के कशासाठी? ७००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र १७.१ मिलिसेकंदांचं. त्यातले १४.६ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा ठेवला की ८५ टक्के झाले. त्यापुढे तो नीट बंद होण्याआधीच पुन्हा उघडायचा हुकूम येतो, मॅपमधला (इंजिनाच्या संगणकात भरलेल्या इंधनाच्या तक्त्यातला) हिशेब आणि प्रत्यक्ष प्रवाह यांचा मेळ तुटतो, आणि शंभराला पोचला की ईसीयूच्या, म्हणजे त्या संगणकाच्या हातात वाढवायला काही उरत नाही. ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत, हे घडतं नेमकं तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या शेवटी, जिथे बूस्ट पूर्ण आणि आरपीएमही पूर्ण.

मात्र पिस्टन गेला तो ७७०मुळे नव्हे, ७०२मुळे. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी दाखवतो. ट्यूनरने लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८० धरून मॅप बांधला, लॉगमध्ये ०.८०च दिसत होता. सरासरी इंजेक्टर ७५१चा, तिसरा ७०२चा, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला साडेसहा टक्के इंधन कमी. तिथला खरा लॅम्डा ०.८५च्या वर आणि बाकी तिघांचा ०.७८. इथेनॉल नॉक (सिलिंडरमधला बेताल स्फोट) सहन करतं, त्यामुळे आवाज येत नाही, नॉक सेन्सरही गप्प बसतो. पण तापलेल्या प्लगच्या टोकावर किंवा कार्बनवर ठिणगीआधीच पेट घेण्याच्या बाबतीत इथेनॉल तितकं दयाळू नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची मागची इलेक्ट्रोड जळून निम्मी झाली होती, बाकी तीन प्लग स्वच्छ. चारही प्लग काढून ओळीने ठेवायला दहा मिनिटं लागतात. नव्या संचावर पहिल्या पूर्ण बूस्टच्या रननंतर ते केलंच पाहिजे.

तक्रार केली की विकणारा ठरावीक तीन गोष्टींकडे बोट दाखवतो: पंप, ट्यून, इंधन. तिन्हींचं उत्तर तयार ठेवा. रेलवर प्रेशर सेन्सर लावून बूस्टसोबत लॉग करा. दोन्हींतला फरक रनभर ३ बार राहिला आणि तरी ड्युटी शंभराकडे धावत लॅम्डा पातळ झाला (इंधन कमी पडलं) तर दोष इंजेक्टरांचा. फरकच पडत गेला तर पंप, वायरिंग किंवा फिल्टर. बॅटरीचा व्होल्टेजही त्याच लॉगमध्ये हवा, कारण १४ व्होल्टला एक मिलिसेकंदात उघडणारा इंजेक्टर ११ला बराच रेंगाळतो. इंधनासाठी फ्लेक्स सेन्सर: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० म्हणजे शंभर. त्यावरही डोळे मिटून भरवसा नको; पाणी किंवा मिथेनॉल मिसळलेलं असेल तर तो चुकीचा, चढा आकडा दाखवतो. हायड्रोमीटरने पाणी पकडता येतं, पण मिथेनॉल आणि इथेनॉल यांची घनता जवळजवळ सारखीच, ०.७९च्या आसपास. मार्च २०२४मध्ये ई१०० ज्या पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर सुरू झालं त्यांत गोवा नव्हता, त्यामुळे इथे बाटल्या-कॅनमधून आलेलं ‘इथेनॉल’ हा वेगळाच जुगार आहे.

आता पैसे देण्याआधीची तपासणी. इंजेक्टर साफ करणारं बेंच बऱ्याच गॅरेजांत असतं, पण त्याच्या काचनळ्या छोट्या इंजेक्टरांसाठीच्या. हजारचा इंजेक्टर सहा सेकंदांत १०० मिली ओततो, एवढ्या वेळात अंदाजच निघेल. ५०० मिलीचा मेजरिंग सिलिंडर घ्या, एका वेळी एकच इंजेक्टर उघडा (चारही उघडले तर बेंचचा पंप दाब धरत नाही), रेलवर गेज ठेवा आणि ३ बारला ३० सेकंद चालवा. हजारचा असेल तर ५०० मिली. या संचातला चांगला इंजेक्टर ३८५वर थांबला. चौघांमध्ये दोन टक्क्यांपेक्षा जास्त तफावत दिसली तर ‘जुळवलेले’ हा शब्द खोटा. मोठे उत्पादक हेप्टेनवर मोजतात. बेंचचा द्रव त्याहून जड असेल तर आकडा काही टक्के कमी येईल, २३ टक्के नाही.

त्यानंतर पल्सची चाचणी, जी विकणाऱ्याला मुळीच आवडत नाही. ३ मिलिसेकंदांचे १००० पल्स (उघडण्याचे हुकूम), मग ६ मिलिसेकंदांचे १०००. दोन्हींतला फरक म्हणजे ३ सेकंदांचा निव्वळ प्रवाह. ७७०च्या इंजेक्टरला तो साडेअडतीस मिली. पहिल्या मापात २५.७ मिली आले तर तेवढ्याला दोन सेकंद लागतात, म्हणजे पल्समागे दोन मिलिसेकंद वाहिलं आणि एक मिलिसेकंद उघडण्यात गेला. हा डेड टाइम चारही इंजेक्टरांचा सारखा हवा. नकली आणि भोक वाढवलेल्या मालात तो हमखास वेगवेगळा निघतो. मग इथेनॉलवर आयडल कधी धरतच नाही आणि ट्यूनर बिचारा मॅपमध्ये बोटं घालत बसतो. भोक वाढवलेला इंजेक्टर बेंचवर डोळ्यांनाही कळतो: फवारा नाही, सरळ धार.

मल्टिमीटर लावायला विसरू नका. १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक ईसीयूंना चालतो. २-३ ओहमचा असेल तर त्याला पीक-अँड-होल्ड (आधी जोरात, मग कमी करंट देणारा) ड्रायव्हर लागतो, नाहीतर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. ‘२२०० सीसी’ म्हणून स्वस्तात फिरणारे काही इंजेक्टर मुळात सीएनजीचे असतात. कोरड्या वायूसाठी बनवलेलं त्यांचं आतलं लोखंड ओल्या इथेनॉलमध्ये गंजतं आणि सुई अडकते. गोव्याच्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं; जूनमध्ये गाडी उभी करायची तर रेल आणि टाकी पेट्रोलवर चालवून मगच. ओ-रिंग व्हायटनच्याच हव्यात. साध्या रबराच्या फुगतात, चिरतात, आणि रेलच्या सांध्यातून गळती सुरू होते. इथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे बॉनेटखाली पेट घेतलेला कळतो तो रंग फुगल्यावर.

पैसे गेलेच असतील तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, कुरिअरचं लेबल आणि बेंचवर मोजतानाचा सलग व्हिडिओ (गेज आणि सिलिंडर एकाच चौकटीत) जपून ठेवा. विकणारा दुकानदार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, विकणारा भले पुण्याचा असो की दिल्लीचा. मालच आला नाही किंवा खातं बंद करून माणूस पसार झाला तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तेही त्याच दिवशी. खासगी माणसाकडून जुना माल घेतला असेल तर ग्राहक आयोगात टिकणं कठीण, तिथे व्यवहारच बेंचसमोर करायचा.

वरचा संच विकणाऱ्याने अर्धे पैसे देऊन परत घेतला आणि आता तो ‘थोडा वापरलेला’ म्हणून फोंड्याकडे फिरतो आहे. निळ्या टोप्या, अंगावरचा नंबर लेझरचा नसून शाईचा (ॲसिटोनच्या बोळ्याने पुसला जातो), चारही नगांवर एकच अनुक्रमांक, आणि ७०२वाल्याच्या कनेक्टरची एक कडी तुटलेली.