‘सगळ्या व्हेरिअंटना चालतो’ म्हणून विकलेला ऑइल पंप

जुन्या गाडीसाठी ऑइल पंप (इंजिनभर तेल फिरवणारा पंप) शोधत असाल आणि विक्रेता म्हणाला, "इंजिन एकाच फॅमिलीचं आहे, पंप सगळ्यांना एकच," तर पैसे देण्याआधी हे वाचा. याच वाक्यावर माझी फसवणूक झाली. गैरसमजातून नव्हे, जाणूनबुजून.

माझ्या गाडीचं इंजिन टर्बोचं आहे. त्याच ब्लॉकवरचं बिनटर्बोचं इंजिन दुसऱ्या मॉडेल्समध्ये येतं. त्याचे पंप मुबलक आणि स्वस्त, टर्बोचे क्वचितच मिळतात. मी विक्रेत्याला इंजिन नंबर पाठवला, टर्बो आहे हे लिहून कळवलं आणि हाच पंप लागेल ना, असं स्पष्ट विचारलं. उत्तर आलं, "शंभर टक्के. डोळे झाकून बसवा." पंप आला तो ताजा रंग मारलेला, वर माझ्या व्हेरिअंटचा पार्ट नंबर असलेलं स्टिकर. बोल्टची भोकं जुळली, डॉवेल (पंप नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) जुळले, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) सील नीट बसलं. मेकॅनिकला शंका यावी असं काहीच नव्हतं.

थंड इंजिनवर तेलाचं प्रेशर छान दिसायचं. इंजिन गरम झालं की आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गेजचा काटा तळाला टेकायला यायचा, पण डॅशवरचा ऑइल प्रेशरचा दिवा पेटायचा नाही. विक्रेत्याने त्याच दिव्याचा आधार घेतला: "दिवा लागत नाही ना, मग प्रेशर ठीक आहे." या उत्तरावर कोणीही विश्वास ठेवू नका. बहुतेक गाड्यांत हा दिवा प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. जुना ठोकताळा असा की दर १००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार प्रेशर हवं. ३००० आरपीएमला २ बारच्या जागी १ बारच मिळत असेल, तरी दिवा गप्पच राहणार आणि बेअरिंग तेलाविना झिजत राहणार.

दुसरं उत्तर होतं, "जाड तेल टाका आणि थोडे दिवस चालवून बघा." जाड तेलाने काटा वर जातो, कारण ते बेअरिंगच्या फटींतून सावकाश निसटतं. पंप फिरताना ढकलतो ते तेल काही त्यामुळे वाढत नाही. टर्बोच्या बेअरिंगला आणि पिस्टनखाली फवारा मारणाऱ्या जेटना भरपूर वाहतं तेल लागतं, ते कमीच राहतं. आणि ‘थोडे दिवस चालवून बघा’ याचा हेतू मला नंतर कळला: तेवढ्यात माल परत करायची मुदत संपते.

शेवटी पंप खोलला. जुना पंप जपून ठेवला होता, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून मोजता आले. बाहेरून हुबेहूब सारखे. आतला रोटर (फिरून तेल ढकलणारा भाग) मात्र व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावल्याबरोबर पातळ निघाला. सगळी मेख इथेच आहे. क्रँकवर बसणाऱ्या या प्रकारच्या पंपात रोटरचा आकार तोच असेल, तर एका फेऱ्यात किती तेल ढकललं जाईल हे त्याच्या जाडीवर ठरतं. कंपनी बाहेरचं कास्टिंग (ओतीव कवच) तेच ठेवते आणि ज्या इंजिनाला तेल जास्त लागतं त्यात जाड रोटर घालते. रिलीफ वॉल्व्हची (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बदलूनही हे भरून निघत नाही. ती फक्त वरची मर्यादा ठरवते. पंप तिथपर्यंत पोचतच नसेल तर तिचा काय उपयोग?

रंग खरवडला तेव्हा कास्टिंगवरचा मूळ नंबर ग्राइंडरने घासलेला दिसला. ज्याला पंप सगळ्यांना चालतो याची खात्री आहे, तो नंबर कशाला घासेल? मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. हा माणूस फरक नीट ओळखत होता. ज्या भागावर अख्खं इंजिन जगतं, त्याची ओळख पुसून त्याने तो विकला.

त्याने पंप परत घेतला नाही. "एकदा बसवलेला भाग परत होत नाही," म्हणाला, आणि घासलेल्या नंबरचे फोटो पाठवल्यावर उत्तरच बंद झालं. ज्या माध्यमातून पैसे भरले होते तिथे तक्रार केल्यावर पंपाची किंमत मिळाली. मजुरी, गॅस्केट, तेल आणि ओरखडे पडलेल्या कनेक्टिंग रॉड बेअरिंगचा नवा संच, हा खर्च माझ्याच अंगावर पडला.

अदलाबदल कधीच होत नाही असं नाही. पण बोल्ट बसले म्हणजे काम झालं, हे धरून चालू नका. फोक्सवॅगनच्या जुन्या आठ-वॉल्व्ह चार सिलिंडर इंजिनांसाठी ३० मिमी आणि ३६ मिमी उंचीच्या गिअरचे पंप आहेत, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तेलाचा फरक २० टक्क्यांचा. निसानच्या आरबी या इंजिन मालिकेत पंप एकमेकांच्या ब्लॉकवर बसतात, पण सुरुवातीच्या आरबी२६च्या क्रँकवर पंप फिरवणारा भाग अरुंद होता. पकड अपुरी पडून पंपाचे गिअर फुटतात. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनांसाठी पिकअप नळी (चेंबरमधलं तेल पंपात ओढणारी) ५/८ इंचाची की ३/४ इंचाची, हे पंपाप्रमाणे बदलतं. शिवाय नळीचं तोंड ऑइल चेंबरच्या तळापासून योग्य उंचीवर आलं नाही, तर उत्तम पंपही वळणावर हवा ओढतो.

म्हणून विक्रेत्याकडून स्टिकरचा नव्हे, कास्टिंगवरच्या नंबरचा फोटो मागा. झाकण काढून रोटरची जाडी व्हर्निअर लावलेल्या फोटोत दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडा. चॅसी नंबरवरून अधिकृत पार्ट कॅटलॉगमध्ये पार्ट नंबर स्वतः काढा आणि "याच नंबरचा पंप देत आहे" हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. माझे पैसे परत मिळाले ते अशाच लेखी संदेशामुळे. नवा पंप बसवल्यावर प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम आयडलचं प्रेशर मॅन्युअलशी ताडून पाहा, आणि तोवर जुना पंप भंगारात देऊ नका.