फ्रीज दुरुस्तीची सेवा: गार होण्याआधीच मागितलेला हॅपी कोड

सांगलीत विश्रामबागला माझी घरगुती खानावळ आहे. रोज ३५ डबे जातात: थोडे कॉलेजच्या मुलांना, थोडे बँकेत, बाकीचे कुपवाड एमआयडीसीत. त्यामुळे फ्रीज बंद पडला की माझं कामच अडतं. मे महिन्यात तो बिघडला. कंपनीच्या सेवेचा तीन भेटींचा अनुभव लिहिते आहे. नाव लिहीत नाही, कारण काम झाल्यावर ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला हॅपी कोड मागून घ्यायची ही पद्धत आता बऱ्याच कंपन्यांकडे आहे.

फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री, सहा वर्षं वापरलेला. वरच्या कप्प्यात बर्फ होत होता, पण खालचा कप्पा कोमट. रात्री लावलेलं दही सकाळी आंबट ढाण, भिजवलेल्या मटकीला वास. सोमवारी तक्रार नोंदवली, बुधवारी एक तरुण मुलगा आला. बोलायला गोड, कामाला चटपटीत. फ्रीजरच्या मागची पट्टी काढली, आत जाळीवर पांढऱ्या बर्फाची भिंत झाली होती. मी गरम पाणी करून दिलं, त्यानं बर्फ वितळवला, पट्टी बसवली. पाऊण तासात काम संपलं.

मग तो म्हणाला, "काकू, मोबाइलवर हॅपी कोड आलाय, तेवढा सांगा." मेसेजमध्ये लिहिलं होतं, काम पूर्ण झालं आणि समाधान झालं तरच हा कोड द्या. आता फ्रीज सुरू होऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. खालचा कप्पा गार व्हायला पाच-सहा तास लागतात. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. त्याचा चेहरा उतरला. कोड मिळाल्याशिवाय कॉल, म्हणजे ही तक्रार, बंद होत नाही, आणि दिवसात अजून चार घरं बाकी. "आणि कंपनीचा फोन आला तर गुण दहाच द्या हां काकू, आठ दिले तरी आमचे पैसे कापतात."

मी कोड दिला. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा दहाही दिले. त्या पोराच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. पण आज वाटतं, ते चुकलंच. कंपनीच्या वहीत माझ्या नावापुढे 'समाधानी' लागलं आणि आठव्या दिवशी खालचा कप्पा पुन्हा कोमट झाला.

हा बिघाडच असा आहे की तो दारात उभं राहून कळत नाही. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये मागच्या जाळीवर जमणारा बर्फ एक हीटर अधूनमधून वितळवतो. तो हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा बायमेटल गेला, की बर्फ साठत जातो आणि पंख्याची गार हवा खाली यायची वाट बंद होते. नुसता बर्फ वितळवला की चार-आठ दिवस सगळं उत्तम. म्हणजे त्या बुधवारी जगातला कुठलाही प्रामाणिक माणूस 'झालं, छान' असंच म्हणाला असता. खरं उत्तर पुढच्या आठवड्यात होतं, आणि तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

दुसरी भेट आणखी वाईट. जुनी तक्रार 'समाधानाने बंद' झालेली, म्हणून ही नवी धरली आणि भेटीचे पैसे पुन्हा मागितले. मी पहिल्या पावतीचा फोटो पाठवला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा पैसे माफ झाले. माणूस आला, त्यानंही बर्फच वितळवला. या वेळी मी कोड दिला नाही. तरी संध्याकाळी कॉल बंद झाल्याचा मेसेज आला. कसा, ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वेळी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. त्यांनी मीटर लावून हीटर तपासला, तो चांगला होता. बायमेटल गेलेला. तो बदलला, जुना माझ्या हातात दिला. निघताना म्हणाले, "ताई, आज गार होईलच. खरं काय ते आठ दिवसांनी कळेल. मी फोन करतो." नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या फोनवरून विचारलं, "मागे बर्फ दिसतोय का? खालचं दूध टिकतंय का?" दोनच प्रश्न. संपूर्ण व्यवहारात माझं समाधान मोजलं ते फक्त या माणसानं, आणि त्या फोनची नोंद कंपनीकडे कुठेच नसणार.

माझी भाची पुण्यात एका कंपनीच्या ग्राहक विभागात आहे. तिनं शून्य ते दहाचा हिशेब समजावला. नेट प्रमोटर स्कोअर म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या फ्रेड रायकहेल्ड यांनी तो २००३ मध्ये मांडला. नऊ-दहा देणारे बाजूचे, शून्य ते सहा देणारे विरोधातले, सात-आठवाले मधले. दहा जणांत सहा बाजूचे, दोन मधले, दोन विरोधातले असतील तर साठ टक्क्यांतून वीस टक्के वजा, स्कोअर चाळीस. म्हणजे आमच्याकडे आठ म्हणजे चांगलेच गुण, पण या हिशेबात त्यांचं वजन शून्य. आणि सहा देणारा नि शून्य देणारा एकाच पारड्यात. दोघांच्या रागात केवढं अंतर असतं!

हा आकडा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण कारागिराचा पगार त्याला बांधला की ग्राहक कारागिराकडे बघून गुण देतो, फ्रीजकडे बघून नाही.

माझ्या धंद्यातही मी हे शिकले आहे. कुपवाडचे एक ग्राहक दोन वर्षं 'मस्त' म्हणत होते आणि एका महिनाअखेरीला गप्प बंद झाले. नंतर कळलं, डबा एक वाजून वीस मिनिटांनी पोचायचा आणि त्यांची सुट्टी दीडला संपायची. मी चव विचारत राहिले, वेळ कधी विचारलीच नाही. तेव्हापासून 'आवडलं का' हा प्रश्न मी सोडला. तोंडावर कोण वाईट म्हणणार? परत आलेले डबे मी स्वतः उघडते, काय उरलं ते कॅलेंडरवर लिहिते. गवारीची भाजी एकाच दिवशी अकरा डब्यांत उरली तेव्हा ती कडू होती हे मला कुणीही फोन करून सांगितलं नव्हतं. आणि महिना न भरणाऱ्या प्रत्येकाला मी फोन करते.

कंपनीला हे जमण्यासारखं आहे. प्रत्येक फ्रीजला नंबर असतो. त्याच नंबरची तक्रार ३० दिवसांत पुन्हा आली का, एवढं मोजलं तरी माझ्या घरचा खरा निकाल त्यांना दिसला असता: तीन भेटी, एक दुरुस्ती. हे सगळं मी त्यांना ईमेलने लिहिलं आहे, बायमेटलच्या फोटोसकट, आणि तिसऱ्या कारागिराचं नाव घेऊन कौतुकही.

माझे गुण: पहिली भेट वागण्याला दहा, कामाला तीन. दुसरी भेट एक. तिसरी भेट दहा. फ्रीज आज चांगला चालतो आहे, मागे बर्फ नाही. ईमेल पाठवून अकरा दिवस झाले. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.