दगडीला कोणतं अँटिबायोटिक? ट्यूब की सुई, पेनिसिलिन की सेफ्ट्रायक्झोन

पहाटेच्या धारेच्या पहिल्या तीन-चार पिळ्या काळ्या वाटीत घ्याव्यात. त्यात गाठी दिसल्या, दूध पाणचट आलं, सड हाताला गरम लागला, की दगडी, म्हणजे जंतूंमुळे येणारी कासेची सूज, सुरू झाली. मग फोन येतो, "डॉक्टर, हलकी नको, पावरची सुई द्या." पशुवैद्यक म्हणून हे वाक्य मी रोज ऐकते. वीस लिटरची गाय सहा लिटरवर आली की गोठ्यात काय घालमेल होते, तेही जवळून पाहते. पण अँटिबायोटिकची पावर एका पट्टीवर मोजता येत नाही. जंतू कोणता आणि औषध कासेत पोहोचतं का, निवड यावर ठरते.

आधी ट्यूब की सुई ते पाहू. गाय चारा खाते आहे, रवंथ करते आहे, ताप नाही आणि एकाच सडात गाठी आहेत, तर सडात सोडायची ट्यूब बरी. औषध थेट जागेवर जातं. गाय बसून राहिली, कान गार पडले, दूध ताकाच्या पाण्यासारखं आलं, तर ट्यूबच्या भरवशावर राहू नका. तेव्हा सुई, सलाइन आणि सूज उतरवणारं औषध हे सगळं लागतं, आणि तेही त्याच दिवशी.

आता औषधांचे वर्ग. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन ही औषधं जंतूला स्वतःभोवतीची भिंत बांधू देत नाहीत. भिंत अर्धी राहिली की जंतू फुटतो. म्हणजे वाढणाऱ्या जंतूवरच ती चालतात आणि औषधाची पातळी सतत टिकावी लागते. दोन वेळा चुकवून तिसऱ्या वेळी दुप्पट दिल्यानं काही साधत नाही. स्ट्रेप्टोकोकसच्या दगडीत जुनं, स्वस्त पेनिसिलिन आजही उत्तम काम करतं, ते जुनं आहे म्हणून नाकारू नका. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं मात्र वेगळं. त्यातले बरेच जंतू पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात, तिथं क्लॉक्सासिलिन किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड लागते. शिवाय हा जंतू कासेत घट्ट गाठी करून आत दडतो. सहा महिन्यांत चौथ्यांदा त्याच सडाला दगडी झाली असेल, तर पाचव्या औषधापेक्षा तो सड कायमचा आटवणं आणि ती गाय सगळ्यांच्या शेवटी पिळणं हा माझा सल्ला असतो.

सेफ्ट्रायक्झोनही भिंतीवरच काम करतं, पण तिसऱ्या पिढीचं, त्यामुळे त्याचा दबदबा मोठा. गोम अशी की रक्ताचा सामू (पीएच) 7.4 आणि दुधाचा 6.6 च्या आसपास, म्हणजे दूध रक्तापेक्षा किंचित आंबट. टायलोसिनसारखी आम्लारीधर्मी औषधं रक्तातून दुधात उतरतात आणि तिथंच अडकून राहतात. आम्लधर्मी सेफ्ट्रायक्झोन मात्र स्नायूतून दिल्यावर दुधात फारच थोडं उतरतं. जेंटामायसिनचंही तेच, आणि वर मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका. सुजलेल्या कासेत हा फरक कमी होतो, पण पुसला जात नाही. न्यूमोनिया, मेंदूज्वर झालेल्या माणसांना वाचवणारं सेफ्ट्रायक्झोन साध्या गाठींसाठी पहिल्याच दिवशी टोचलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं.

एन्रोफ्लॉक्सॅसिन जंतूचा डीएनए उलगडू देत नाही. ते दुधात चांगलं उतरतं, ई. कोलायवर चालतं. डोस मात्र पुरेसा हवा, कारण अर्ध्या डोसात प्रतिकार करणारे जंतूच उरतात. वाढत्या वासराच्या सांध्यांतल्या कूर्चेला ते इजा करू शकतं. अमेरिकेत 20 महिन्यांवरच्या दुभत्या जातींच्या माद्यांना ते देता येत नाही. दुधाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत दुसरं काही चालत नसेल तरच ते काढावं.

ऑक्सिटेट्रासायक्लिन जंतूची प्रथिनं बनवणं थांबवतं, म्हणजे वाढ रोखतं. गोचिडांमुळे होणाऱ्या अ‍ॅनाप्लाझ्मात ते हवंच. पेनिसिलिनबरोबर मात्र नको, कारण वाढ थांबलेल्या जंतूवर पेनिसिलिन निरुपयोगी ठरतं.

गाय वरून धडधाकट आहे आणि फक्त सीएमटी चाचणीत (दुधात द्रावण मिसळून लपलेली दगडी ओळखण्याच्या) दूध घट्ट होतंय, तर धारकाळात बहुधा अँटिबायोटिक लागतच नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम यांचा लेप सुचवतं. पूर्ण पिळून तो दिवसातून अनेकदा लावायचा. ताप असेल तर मात्र लेपात वेळ घालवू नका.

औषध कुठलंही ठरो, पहिल्या डोसआधी दुधाचा नमुना घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, बोळा मळला की दुसरा घ्या, पहिल्या धारा सोडून निर्जंतुक बाटलीत थोडं दूध धरा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. ट्यूब सोडतानाही हीच स्वच्छता लागते. घाणेरड्या टोकातून बुरशी आत गेली तर तिच्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही.

दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. तो काळ औषधासाठी ठरवलेला नसेल, तर 2012 पासूनच्या भारतीय नियमानुसार दुधासाठी किमान 7 दिवस धरावे लागतात. एका गोठ्यातल्या वहिनी मला म्हणाल्या होत्या, "ताई, तीन दिवस विरजण लागतच नाही." भांडं, विरजण, ऊब सगळं नेहमीचंच होतं, फक्त गाईला ट्यूब सोडली होती. जे औषध दह्याचे जंतू मारतं, तेच पिणाऱ्या लेकराच्या पोटात जातं. असं दूध वासरालाही पाजू नका, त्याच्या आतड्यात प्रतिकारक जंतू पोसले जातात. आणि उपचार चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल फीत बांधा, कारण संध्याकाळची धार बहुतेक गोठ्यांत दुसराच माणूस काढतो.