टियागो ईव्ही: घाटात परत मिळणारी वीज आणि अंगणात भरावी लागणारी वीज

अचलपूर तालुक्यातल्या आमच्या गावात २४ युनिटांच्या बॅटरीची टाटा टियागो ईव्ही आणल्यापासून भेटणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, की ही गाडी धावता धावता आपोआप चार्ज होते का. होते, पण वेग कमी करताना आणि उतारावरच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच मोटर फिरवू लागतात, मोटर जनित्राचे काम करते आणि गाडीच्या गतीतली ऊर्जा विजेच्या रूपाने बॅटरीत परत जाते. सपाट रस्त्यावर एका लयीत चालवल्यास जवळपास काहीच परत मिळत नाही.

या सोयीचे मोल चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना कळते. वीज परत घेण्याची सर्वांत तीव्र, म्हणजे तिसरी पातळी लावली की वळणांवर ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागतो आणि पडद्यावरचा टक्का उतरण्याऐवजी हळूहळू चढतो. मात्र हिशेब करून पाहावा: माणसांसह १३०० किलो वजनाची गाडी ७०० मीटर खाली आली, तर सगळी ऊर्जा पकडता आली तरी ती जेमतेम अडीच युनिट भरते, आणि घाट चढताना त्याहून अधिक खर्च झालेली असते. शिवाय बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परतीच्या विजेला जागाच उरत नाही, म्हणून वर मुक्कामी असताना शंभर टक्के चार्ज करून घाट उतरू नये.

पोटभर चार्जिंग उभ्या गाडीचेच होते. १५ अँपिअरच्या सॉकेटवर संपत आलेली बॅटरी भरायला साधारण नऊ तास लागतात. रात्री लाइन गेली, तरी ती आल्यावर आमच्याकडे चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू होते. अडचण आहे ती अर्थिंगची. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेत नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून रोज बादलीभर पाणी घालू लागल्यावर हा त्रास थांबला. गाडी बुक करण्याआधी चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

७.२ किलोवॅटच्या घरगुती चार्जरसाठी मात्र गावात जादा पैसे मोजू नयेत. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो, बहुधा जुनी सर्व्हिस वायरही बदलावी लागते, आणि गाडी रात्रभर अंगणातच उभी राहणार असेल तर अमरावतीला जाऊन येण्यापुरती वीज साध्या सॉकेटवरही सकाळपर्यंत सहज भरते.