मस्टँगच्या शाफ्टमधले यू-जॉइंट: एप्रिल ते ऑक्टोबर, साठेक रननंतरचा अनुभव

शाफ्ट म्हणजे गियरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांचे वाकणारे सांधे म्हणजे यू-जॉइंट. गाडी 1989 ची फोर्डची फॉक्स बॉडी मस्टँग, 347 स्ट्रोकर इंजिन, सी4 ऑटोमॅटिक गियरबॉक्स, मागे 8.8 ॲक्सल 4.10 गियरचा आणि 26 इंची स्लिक (रेसचे गुळगुळीत टायर). ओहायोतल्या कोलंबसला राहतो त्यामुळे ड्रॅग रेसचे (सरळ ट्रॅकवरचे) बहुतेक रन हेब्रनच्या नॅशनल ट्रेल रेसवेवर, पाव मैलाचा टाइम 11.70 सेकंदांच्या आसपास. सीझन संपला, गाडी स्टँडवर आहे, शाफ्ट काढून समोर ठेवलाय, म्हणून आत्ताच लिहितो नाहीतर राहून जाईल.

सुरवात वाईट झाली. एप्रिलमधे न्यूट्रलमधून ड्राइव्हला टाकलं की खालून टक्क असा आवाज यायचा आणि फिनिश लाइनच्या जवळ फ्लोअरला बारीक थरथर. मी तीन आठवडे टायरचं बॅलन्सिंगच करत बसलो. शेवटी मामांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांचं कोल्हापूरला उद्यमनगरात ट्रकचं गॅरेज आहे आणि तिकडे यू-जॉइंटला सगळे क्रॉसच म्हणतात. आवाज ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "टायरचं सोड, शाफ्ट हातात धरून पिळून बघ. क्रॉस गेलाय त्यो."

क्रॉसच होता. जॉइंटमधे अधिक चिन्हासारखा चार दांड्यांचा तुकडा असतो तो क्रॉस, प्रत्येक दांड्यावर एक कप आणि कपात बारीक सुयांचं बेअरिंग. मागच्या जॉइंटच्या एका कपाच्या सीलभोवती गंजासारखी लाल पूड जमलेली, कप ओढला तर आत ग्रीसचा पत्ता नाही आणि क्रॉसच्या दांड्यावर सुयांच्या आकाराचे चर पडलेले, नख फिरवलं की अडकायचं. लाल पूड दिसली म्हणजे आत कोरडं पडलंय, मग नुसतं ग्रीस मारून काही होत नाही, बदलायचाच.

हे का होतं ते बघा. इंजिनचा टॉर्क 400 फूट-पाउंड धरला, सी4 चा पहिला गियर 2.46 आणि लाँचला (जागेवरून सुटताना) कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्समधला जोड) टॉर्क जवळपास दुप्पट करतो, म्हणजे गाडी हलायच्या क्षणी शाफ्टवर 1900 फूट-पाउंडच्या वर टॉर्क येतो, आणि ॲक्सलचा 4.10 यात धरलेलाच नाही कारण तो शाफ्टच्या नंतर लागतो. त्या क्षणी जॉइंट फिरत नसतो, सगळा मार त्याच चार-दोन सुयांवर. त्यामुळे अँगल (जॉइंटपाशी शाफ्टचा कल) अगदी शून्य ठेवला की काम झालं असं समजू नका, प्रत्येक जॉइंटला अर्धा डिग्री तरी अँगल लागतोच, नाहीतर सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डा करतात.

मी आधी घाईत एक स्वस्तातला 1330 साइजचा जॉइंट घरीच टाकला. व्हाइसमधे दोन सॉकेट लावून कप दाबत होतो, शेवटचा कप दोन मिलिमीटर बाहेरच राहिला, सर्क्लिप (कप जागेवर अडकवणारी क्लिप) खाचेत बसेना. अजून दाबायचा मोह होतो पण तिथेच थांबायचं. कप परत काढला तर एक सुई आडवी होऊन तळाशी पडलेली. दाबत राहिलो असतो तर कपच फुटला असता. आता आधी कपात जाडसर ग्रीस लावून सुया चिकटवतो आणि क्रॉस हाताने कपात धरूनच दाबतो. सर्क्लिप बसल्यावर योकच्या (कप बसतो त्या फाट्याच्या) कानाला हातोडीने एक हलका ठोका, जॉइंट लगेच मोकळा फिरायला लागतो.

जूनमधे मात्र पूर्ण 1350 चा शाफ्ट करून घेतला. रुंदी 1330 एवढीच, 3.625 इंच, पण कपाचा व्यास 1.062 ऐवजी 1.188 इंच, म्हणजे दांडा जाड. घेतले सॉलिड क्रॉस, ग्रीस निप्पल नसलेले. यावर मामांचं आणि माझं जमत नाही, त्यांचं म्हणणं ग्रीस चारी कपांतनं बाहेर येईस्तोवर मारायचं आणि क्रॉस वर्षानुवर्षं चालवायचा, आणि चिखलातल्या ट्रकला ते बरोबरच आहे. पण निप्पलसाठी क्रॉसला भोक पाडावं लागतं आणि लाँचच्या झटक्याला तडा तिथूनच सुरू होतो. माझी गाडी पावसात जातच नाही, मला सॉलिडच पटला. निप्पलवालाच असेल तर निप्पल अशा बाजूला ठेवा की पुढे ओढताना ती बाजू दाबली जाईल, ताणली जाणार नाही.

नवा शाफ्ट बॅलन्स करून आला पण घरी बघतो तर एक सर्क्लिप खाचेत अर्धीच बसलेली. दुकानाचं नाव घेत नाही, त्यांनी लगेच नीट करून दिलं, पण मी तसाच लावला असता तर 6000 आरपीएमला तो कप बाहेर आला असता. कुणाच्याही हातून आलेला शाफ्ट असो, सगळ्या सर्क्लिप स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फिरवून बघा.

अँगल मोजताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप कामाचं नाही. मॅग्नेटवाला डिजिटल गेज पिनियन फ्लँजवर (ॲक्सलला शाफ्ट जोडतो त्या तोंडावर) आणि शाफ्टवर लावतो. लाँचला पिनियनचं नाक वर उठतं म्हणून उभ्या गाडीत ते दोन डिग्री खाली ठेवलंय. एप्रिलमधे जुन्या बुशवर हेच साडेचार होतं! जॉइंटचा अँगल दोन्हीकडे सारखा नसला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, 6000 आरपीएमला मिनिटाला 12,000 झटके, माझी थरथर बरीचशी त्यातलीच होती.

आता प्रत्येक वेळी ट्रॅकवरून आलो की गाडी थंड झाल्यावर खाली जाऊन शाफ्ट दोन्ही टोकांना पिळतो, वरखाली हलवतो, लाल पूड बघतो, बोल्टवर मारलेली पेंटची रेघ जागेवर आहे का बघतो. पाच मिनिटं. काढताना फ्लँज आणि योकवर खूण करतो म्हणजे बॅलन्स बिघडत नाही. आणि शाफ्ट लूप (तुटलेला शाफ्ट खाली पडू न देणारं कडं), कृपया लावा. एनएचआरएचा (अमेरिकेतल्या ड्रॅग रेस संघटनेचा) नियम आहेच, पुढच्या जॉइंटपासून 6 इंचांच्या आत, पण पुढचा जॉइंट तुटून शाफ्ट रस्त्यात रुतला तर गाडी उचलली जाते, त्यासाठी लावा.

1350 वर चाळीसेक रन झाले. काल शाफ्ट काढून चारी बाजूंनी वाकवून बघितला, मागचा अजून नव्यासारखा घट्ट आणि गुळगुळीत. पुढचा मात्र एका दिशेला किंचित अडखळतोय, अगदी तिळाएवढं, डोळे मिटून फिरवलं तरच कळतं. 45 डॉलरचा जॉइंट मागवलाय, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत टाकतो.