वेब सर्व्हिसच्या क्लायंटमध्ये एक्सेप्शन: जनरेट झालेलं वापरायचं की स्वतःचं लिहायचं?

आमच्या जावाच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने परवा विचारलं, "सर्व्हरच्या कोडमधून पॉलिसीलॅप्स्डएक्सेप्शन (विमा पॉलिसी बंद पडल्याची चूक) फेकतोय, क्लायंटमध्ये त्याच नावाचा कॅच लिहिलाय, पण कंट्रोल तिथे येतच नाही." हिंजवडीत काय, खराडीत काय, सोपवर (एक्सएमएल संदेशांतून वेब सर्व्हिस कॉल करायच्या पद्धतीवर) काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

एक्सेप्शनचा क्लास नेटवर्कवरून जात नाही, जातो फक्त एक्सएमएलचा मजकूर. क्लायंट फॉल्टच्या (चूक कळवणाऱ्या सोप संदेशाच्या) डीटेलमधल्या एलिमेंटचं नाव आणि नेमस्पेस (ते नाव कोणाचं हे सांगणारा पत्ता) पाहतो. डब्ल्यूएसडीएलमध्ये (सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) जाहीर केलेल्या फॉल्टशी ते जुळलं, तर त्या फाइलवरून जनरेट झालेलं एक्सेप्शन मिळतं. नाही जुळलं, तर सरसकट सोपफॉल्टएक्सेप्शन. त्या मुलाच्या बाबतीत फॉल्ट जाहीर केलेला होता, पण सर्व्हरकडून येणाऱ्या नेमस्पेसच्या शेवटी एक स्लॅश जास्त होता. तेवढ्याने जुळणी फसली.

आता निवडीचं बोलू.

जनरेट झालेलं एक्सेप्शन जसंच्या तसं वापरलं तर कंपायलर आपल्या बाजूने असतो. ते चेक्ड असल्यामुळे (हाताळलं नाही तर कोड कंपाइलच होत नाही) विसरता येत नाही, आणि गेटफॉल्टइन्फो या मेथडमधून पॉलिसी नंबर, कारणाचा कोड असं सगळं टाइपसकट मिळतं. अडचण वर्षभराने येते. समोरच्यांनी डब्ल्यूएसडीएल बदललं की पॅकेज आणि नावं बदलतात, आणि ते एक्सेप्शन पार स्क्रीनच्या कोडपर्यंत थ्रोजमध्ये (मेथड कोणती एक्सेप्शन फेकते त्या यादीत) पसरलेलं असेल तर चाळीस फाइल्स उघडाव्या लागतात. जावा ११ मधून डब्ल्यूएसइम्पोर्ट (हे क्लास जनरेट करणारं टूल) आणि जॅक्स-डब्ल्यूएस (सोपसाठीची जावाची लायब्ररी) काढून टाकले, नंतर पॅकेजच्या नावांतल्या जावॅक्सचं जकार्ता झालं. ज्यांनी ही नावं एका थरातच ठेवली होती, त्यांचं काम लवकर आटोपलं.

नुसतं सोपफॉल्टएक्सेप्शन पकडणं सोपं, पण मग फॉल्टस्ट्रिंगमध्ये 'लॅप्स' शब्द आहे का, असल्या इफ सुरू होतात. तो मजकूर माणसासाठी असतो, कोणीही कधीही बदलतो. समोरच्यांनी फॉल्ट जाहीरच केले नसतील तर हाच मार्ग उरतो. तेव्हा फॉल्टकोड आणि डीटेल वाचा, फॉल्टस्ट्रिंगवर निर्णय घेऊ नका. एचटीटीपी स्टेटसचाही इथे उपयोग नाही. सोप १.१ मध्ये पॉलिसी बंद असली तरी ५०० आणि डेटाबेस पडला तरी ५००.

तिसरा मार्ग, सीमेवर एकच थर ठेवून तिथे सगळ्याचं आपल्या एक्सेप्शनमध्ये रूपांतर करायचं. माझं मत याच बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी हप्ता भरण्याच्या एका सेवेचा क्लायंट मी लिहिला. त्यात कॅच एकच, वेबसर्व्हिसएक्सेप्शनचा. सोपफॉल्टएक्सेप्शन त्याचाच उपक्लास, आणि टाइमआउटही त्याच्याच पोटात येतो. कॅचमध्ये रिट्राय (तोच कॉल पुन्हा पाठवणं) होता. एका शनिवारी पलीकडची सिस्टीम मंदावली. आमचा टाइमआउट संपायचा, पण तिकडे पैसे वळते झालेले असायचे. लोकांचे हप्ते दोनदा कापले गेले. रात्री वाकडच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेऊन मी फोनवर लॉग वाचत होतो. शेकडो ओळी, सगळ्यांत एकच वाक्य: 'सर्व्हिस कॉल फेल'. मूळ कॉज (आधी आलेलं एक्सेप्शन) मी पुढे दिलाच नव्हता. कोणाचे पैसे परत करायचे हे शोधायला दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस लोकांनी स्वतःच्याच पैशांची वाट पाहिली.

म्हणून आता मी एक्सेप्शनची नावं चूक कोणत्या प्रकारची यावरून नाही, पुढे काय करायचं त्यावरून ठरवतो. समोरच्यांनी नकार दिला: ग्राहकाला कारण सांगा, रिट्राय नको. कनेक्शनच जुळलं नाही: पुन्हा पाठवायला हरकत नाही. विनंती गेली पण उत्तर आलं नाही: आधी व्यवहाराची स्थिती विचारा, आणि पुन्हा पाठवायचंच असेल तर तोच व्यवहार क्रमांक घेऊन. तिसरं वेगळं ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. तिन्ही अनचेक्ड, आणि प्रत्येकात मूळ कॉज हवाच.

रेस्टमध्ये (साध्या एचटीटीपीवरच्या सेवांमध्ये) डब्ल्यूएसडीएलसारखी सक्ती नसल्याने हा थर लागतोच. स्प्रिंगचं रेस्टटेम्प्लेट ४०० च्या घरातल्या स्टेटसला एक एक्सेप्शन देतं, ५०० च्या घरातल्याला दुसरं. फेन या क्लायंट लायब्ररीत एररडीकोडर (एरर उत्तराचं एक्सेप्शन करणारा क्लास) लिहून थेट आपलं फेकता येतं. समोरचे आरएफसी ९४५७ या एरर-फॉरमॅटच्या मानकाप्रमाणे एरर पाठवत असतील (हे २०२३ चं, आधीच्या ७८०७ च्या जागी आलेलं) तर त्यातल्या टाइप फील्डवरून निर्णय घ्या, टायटलवरून नको. काही सेवा चूक झाली तरी २०० पाठवतात आणि बॉडीत एरर लिहितात. तिथे एररडीकोडर चालतच नाही, बॉडी स्वतः तपासावी लागते.

एकाच ठिकाणाहून दोन-तीन ऑपरेशन्स कॉल होत असतील, दोन्ही बाजू तुमच्याच टीमकडे असतील, तर जनरेट झालेलं एक्सेप्शन पुरे, जास्तीचा थर लिहू नका. पलीकडे दुसरी कंपनी असेल किंवा पैशांचा व्यवहार असेल, तर पहिल्या दिवशीच थर घाला.

तो लिहून झाला की वायरमॉक (खोटा सर्व्हर उभा करणारं टूल) लावून चार उत्तरं द्या: जाहीर केलेला फॉल्ट, नेमस्पेस चुकलेला फॉल्ट, टाइमआउटपेक्षा उशिरा येणारं उत्तर, मध्येच तुटलेलं कनेक्शन. त्या मुलाच्या क्लायंटमध्ये तिसऱ्या चाचणीला अजून रिट्राय होतोय, उद्या सकाळी आम्ही दोघं ते काढणार आहोत.