तुटलेल्या ग्रीस निप्पलसाठी पाच नगांचा ईझी-आऊट संच कितपत कामाचा?

रोटाव्हेटर असो, ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा पीटीओ शाफ्ट असो की पुढचं चाक ज्यावर वळतं तो किंगपिन, ग्रीस निप्पल म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड बहुधा गळ्यातच तुटतं. डोकं ग्रीस गनच्या कपलरला, म्हणजे निप्पलवर बसणाऱ्या तोंडाला, चिकटून येतं आणि आट्यांचा तुकडा आत अडकून राहतो. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो प्लॅस्टिकच्या डबीतला १ ते ५ नंबरचा, डाव्या पिळाचा ईझी-आऊट संच. ईझी-आऊट म्हणजे तुकड्याच्या भोकात रुतवून उलटं फिरवायचं निमुळतं हत्यार. शेतीच्या अवजारांपुरतं बोलायचं तर संच घेण्यासारखा आहे, पण डबीवरच्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर काम बिघडतं.

डबीवरचं कोष्टक भरीव बोल्टचं असतं. नंबर १ साठी २ मिमीचं ड्रिल, २ साठी २.८, ३ साठी ४ मिमी. निप्पलला मधोमध भोक आधीच असतं, त्यामुळे बहुतेक वेळा ड्रिल लावावंच लागत नाही. एम६ च्या, म्हणजे ६ मिमी आट्यांच्या, तुकड्याला १ किंवा २ नंबर, एम८ आणि एम१० ला बहुतेक ३ नंबर बसतो. ४ आणि ५ नंबर या कामात डबीतच राहतात.

सोय भोकाची, आणि धोकाही भोकाचाच. एम६ निप्पलच्या आट्यांखाली भिंत उरते जेमतेम मिलिमीटरभर. पिळाचा ईझी-आऊट जितका फिरवाल तितका आत रुततो आणि ही पातळ भिंत बाहेर फुगवतो. तुकडा सुटायचा सोडून भोकात आणखी आवळला जातो. म्हणून हातोडीने ठोकून बसवू नये. हाताने दाबून उलटा फिरवत रुतवावा, पकड आली की सावकाश जोर द्यावा. याच कारणासाठी चौकोनी, सरळ कडांचा एक्स्ट्रॅक्टर निप्पलला जास्त मानवतो. तो कडांनी धरतो, फुगवत कमी. दुकानात दोन्ही प्रकार असतील तर चौकोनी घ्या.

ईझी-आऊट लावण्याआधी आत स्प्रिंग किंवा छर्रा राहिला आहे का ते बारीक तारेने बघा, असेल तर बाहेर काढा. नाहीतर तो थेट बुशमध्ये, म्हणजे पिन बसते त्या नळीत, ढकलला जातो. मग रस्ट ऑइल सोडून रात्रभर राहू द्या. तुकडा पिनच्या टोकात असेल तर पिन काढून वाइसमध्ये धरा आणि गॅसने बेताने तापवा. बेअरिंगच्या हाउसिंगमध्ये असेल तर ज्योत लावू नका, ऑइल सील जळतं. निप्पलचे आटे बहुधा निमुळते असतात, त्यामुळे पहिला पाव फेरा हलला की पुढचं काम हलकं होतं.

फिरवायला दोन्ही बाजूंनी धरता येईल असं टॅप हँडल हवं. एका बाजूने पाना लावला की जोर तिरका बसतो आणि ईझी-आऊटचं टोक मोडतं. तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर घसरतं, मग लेथवाल्याकडे जाण्यावाचून इलाज नाही. पीटीओच्या क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या चौफुलीवर, तर हँडल फिरायला जागाच नसते. तिथे क्रॉस बाहेर काढावाच लागतो. काढल्यावर त्याच्या टोकांवरचे बेअरिंग कप हलवून बघा. खडखड असेल तर निप्पलच्या मागे न लागता क्रॉसच बदला.

तुकडा हललाच नाही तर डाव्या हाताचं, म्हणजे उलट्या दिशेने फिरून कापणारं, ड्रिल बिट कमी वेगाने लावावं. कापता कापताच तुकडा कित्येकदा निघून येतो. बिटच्या खाचांत ग्रीस भरून ठेवा, म्हणजे कीस त्याला चिकटतो. भोकात हवा मारू नका, कीस आत जातो. ग्रीस लावलेली तार किंवा छोटं लोहचुंबक घालून तो बाहेर काढा. भोक साफ होण्याआधी नवं निप्पल लावून ग्रीस दिलं तर तो कीस बुश घासत बसेल.

भोकातले आटे साफ करायचा टॅप संचात नसतो, ही त्याची मोठी उणीव. एम८ निप्पलचे आटे १ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतात, दुकानात मागितलेला साधा एम८ टॅप १.२५ चा निघतो. एम१० चंही तसंच, हवा १ मिमी आणि हातात पडतो १.५ चा. असा टॅप फिरवला की चांगले आटे कायमचे जातात. पिच सांगूनच टॅप घ्या. एम६ ला ही भानगड नाही, साधा टॅप १ मिमीचाच असतो. जुन्या ट्रॅक्टरांवर इंची आटे भेटतात. एक अष्टमांश बीएसपी या ब्रिटिश पाइप आट्याचं भोक एम१० सारखंच दिसतं, पण एम१० निप्पल दोन-तीन आटे जाऊन अडकतं. तिथे पान्याने रेटू नका, जुना तुकडा दुकानात नेऊन जोडी जुळवा.

नवं निप्पल बसवताना एम६ ला ७ चा, एम८ ला ९ चा, एम१० ला ११ चा पाना लागतो. आधी हाताने बसवा, मग थोडंसंच आवळा. जास्त आवळलं की गळ्याला तडा तिथेच जातो. ग्रीस देऊन झालं की कपलर आडवा ओढू नका, किंचित तिरका करून सोडवा. तरीही सुटत नसेल तर गनच्या नळीचा जोड थोडा सैल करून दाब सोडा. उसाच्या पाचटात किंवा धसकटात चालणाऱ्या रोटाव्हेटरवर बाहेर डोकावणारं निप्पल असेल, तर बाजूला लोखंडी पट्टीची आड वेल्ड करून घ्या.